बालमन बचाव समितीचा अध्यक्ष

शुद्धोधनचा हात मोडला तेव्हा मी घरी दाढी करत होतो, आणि तो कुणामुळे मोडला हे मला अर्धी दाढी व्हायच्या आतच कळलं होतं.

रविवार होता. १९८५ सालचा डिसेंबर. दुपारी पाच-सहा मुलं धावत अंगणात आली. "सर, सूर्यभानचा शुद्धोधन पडला! व्हिडिओच्या मागं, भिंतीवरून!" 'व्हिडिओ' हा शब्द कानावर पडला आणि पुढचं मी ऐकलंच नाही. एका गालावर साबण तसाच ठेवून मी बायकोला ओरडून सांगितलं, "बघ! म्हणत होतो की नाही? झालं शेवटी!"

कमल भाकरी थापत होती. ती म्हणाली, "लेकराला किती लागलं ते तर इचारा."

ते विचारायचं मला सुचलं नव्हतं.

गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथं अजून माझी सोयरीक आहे. सेलूहून बसनं तासाभराच्या अंतरावर, कापसाचं गाव. मी तिथल्या शाळेत पाचवी ते सातवीला मराठी आणि इतिहास शिकवत होतो. शिस्तीचा माणूस अशी माझी ख्याती होती, म्हणजे मी मारत असे. छडी माझ्या टेबलावर नव्हे, माझ्या काखेतच असायची. पण मी मारताना जात-पात, गरीब-श्रीमंत पाहत नाही, सगळ्यांना सारखंच मारतो, याचा मला फार अभिमान होता. त्याला मी मनातल्या मनात समता म्हणत असे.

त्या वर्षी दिवाळीनंतर गावातल्या चंद्रभाननं कापसाच्या रिकाम्या वखारीत व्हिडिओ सुरू केला. परभणीहून भाड्यानं रंगीत टीव्ही आणला, कॅसेटचं यंत्र आणलं, बाहेर जनरेटर लावला. बाजाराच्या दिवशी आणि रविवारी सकाळपासून मारामारीचे हिंदी पिक्चर. मी रविवारी सकाळी शाळेत संस्कारवर्ग घेत असे. व्हिडिओ येण्याआधी वर्गाला साठ मुलं असायची. व्हिडिओ आल्यावर चार राहिली. त्यातली दोन माझी स्वतःची होती आणि त्यांनाही कमलनं दटावून पाठवलेलं असायचं. बालमनावरच्या हिंसेच्या परिणामांचा मी सखोल विचार करू लागलो तो तेव्हापासून.

तर मी तसाच वखारीकडे निघालो. शुद्धोधन भिंतीशी बसला होता. पाचवीतला पोरगा, अंगानं किरकोळ. डावा हात मनगटाच्या वर भलत्याच ठिकाणी वाकला होता. तो रडत नव्हता, दातांनी ओठ धरून बसला होता. त्याची थोरली बहीण पंचफुला, सातवीतली, शेजारी उभी होती आणि तीच रडत होती. आत वखारीत पिक्चर चालू होता. ठोशांचे आवाज बाहेर येत होते. मी शुद्धोधनपुढं उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पिक्चर बघून उडी मारलीस ना?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, माझ्या अर्ध्या दाढीकडं पाहिलं आणि हो म्हणून मान हलवली.

त्याला जीपमध्ये घालून सेलूला नेलं, प्लास्टर झालं. जीप व्यंकटरावांची होती. व्यंकटराव आमचे सरपंच, दीडशे एकरांचे धनी. संध्याकाळी त्यांच्याच ओसरीवर समिती स्थापन झाली. नाव मी सुचवलं: बालमन बचाव समिती. अध्यक्ष कोण, हा प्रश्न फार वेळ टिकला नाही, कारण तो मीच उपस्थित केला होता आणि उत्तराच्या वेळी मान खाली घालून बसलो होतो. सरपंचांना उपाध्यक्ष म्हणणं बरं दिसेना, म्हणून त्यांना 'मार्गदर्शक' केलं. किराणा दुकानदार बन्सीधर चिटणीस झाला. तो परभणीच्या एका दैनिकाचा वार्ताहरही होता. दोन दिवसांनी बातमी आली: 'हिंसक चित्रपटानं घेतला चिमुकल्याचा बळी'. हात मोडण्याला बळी म्हणतात का, असं मी बन्सीधरला विचारलं. तो म्हणाला, "सर, हात म्हनलं तर तीन ओळी छापतेत, बळी म्हनलं की फोटोसगट घेतेत." फोटो माझा होता.

मग मोर्चा काढला. शाळेची दीडशे मुलं, हातात काठ्यांना लावलेले फलक: 'नको ठोसा, नको लाथ, बालपणाला देऊ साथ.' घोषणा माझी. वखारीपाशी पोहोचेपर्यंत सगळं छान चाललं होतं. तिथं सहावीतल्या दोघांनी फलकांच्या काठ्या उलट्या धरल्या आणि एकमेकांशी तलवारबाजी सुरू केली. मी रांग मोडून मागं गेलो आणि दोघांच्याही दोन-दोन थोबाडीत दिल्या. मग परत पुढं येऊन 'हिंसाचार बंद करा'ची घोषणा दिली. माझा आवाज चांगला तापला होता. यात काही विसंगत आहे असं मला वाटलं नाही, इतरांनाही वाटलं नाही. फक्त वखारीच्या दारात उभा असलेला चंद्रभान खाली मान घालून हसत होता.

तो मला म्हणाला, "सर, तुमी लढाया शिकविताव तव्हा पट्टी घेऊन टेबलावर चढताव. माह्या पोरानं सांगितलं. मुंडकं कसं उडालं ते दावताव म्हने. आन् माह्या पिच्चरमधी नुसते ठोसे हायेत."

"तो इतिहास आहे," मी म्हणालो. "ती हिंसा नाही. ते शौर्य आहे."

"बरं," चंद्रभान म्हणाला.

पुढचे पंधरा दिवस पेपरात वाद पेटला. सेलूच्या एका डॉक्टरांनी लिहिलं की मुलांच्या मेंदूवर चित्रांचा परिणाम होतो. परभणीच्या एका प्राध्यापकांनी लिहिलं की मुलं पडतच असतात, पूर्वी झाडांवरून पडायची, तेव्हा कुणी झाडांवर बंदी मागितली नाही. मी त्यांना साडेतीन स्तंभांचं उत्तर दिलं. त्यात 'भावी पिढी' हा शब्द नऊ वेळा आला होता, कमलनं मोजला. मग जिंतूरच्या एका वाचकाचं दोन ओळींचं पत्र आलं: 'दिनकर सरांनी हा चित्रपट स्वतः पाहिला आहे काय?'

पाहिला नव्हता. आणि त्याच आठवड्यात तहसीलमधून कागद आला की नायब तहसीलदार साहेब अमुक तारखेला गावात येऊन चौकशी करतील, समितीनं आक्षेपार्ह दृश्यांची यादी तयार ठेवावी.

म्हणून बाजाराच्या दिवशी, तोच पिक्चर पुन्हा लागलेला असताना, मी वही-पेन्सिल घेऊन वखारीत गेलो. वहीत रकाने आखले होते: ठोसे, लाथा, चाकू, गोळ्या, इतर. चंद्रभाननं मला पहिल्या बाकावर बसवलं, चहा दिला. पहिली अर्धी घटका मी इमानेइतबारे रेघा ओढल्या. एकेचाळीस ठोसे झाले. मग नायकाच्या आईला खलनायकानं घरातून हाकलून दिलं आणि तिथं माझी पेन्सिल थांबली. ती नंतर चाललीच नाही. शेवटी नायकानं त्या हलकटाला गच्चीच्या कठड्यावर वाकवलं तेव्हा मी बाकाच्या अगदी टोकावर आलो होतो, आणि तो खाली कोसळला तेव्हा वखारीत पहिली टाळी वाजली ती माझी होती.

चंद्रभान माझ्या कानाशी वाकला. "सर, टाळी कोनच्या रकान्यात लिवता?"

मी काहीच लिहिलं नाही. उरलेले आकडे घरी येऊन अंदाजानं भरले. अंदाज सढळ हातानं केला.

आता राहिला साक्षीदार. साहेब मुलाला प्रश्न विचारणार, तर मुलाची तयारी करून घ्यायला हवी. चौकशीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी शुद्धोधनच्या घरी निघालो. गावाच्या पूर्वेला बौद्ध वस्ती होती. शाळेपासून चालत पाच मिनिटं. वाटेत माझ्या लक्षात आलं की अकरा वर्षं या गावात नोकरी करतोय आणि या वाटेनं पहिल्यांदाच चाललोय.

शुद्धोधनचा बाप सूर्यभान सेलूला जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात कामाला होता, तो घरी नव्हता. मालनबाईनं, शुद्धोधनच्या आईनं, बाज पुढं ओढली, त्यावर वाकळ टाकली. "बसा, सर." शुद्धोधन आतल्या बाजेवर होता, गळ्यात फडकं बांधून प्लास्टरचा हात त्यात अडकवलेला. मला पाहताच तो उठून उभा राहिला.

"बस, बस," मी शक्य तितक्या प्रेमळपणे म्हणालो. "उद्या साहेब विचारतील. तर मला सांग, कोणता प्रसंग बघून तू उडी मारलीस? गच्चीवरून उडी मारतो तो?"

"हां, सर."

"का घोड्यावरून?"

"हां, सर."

"घोड्यावरून?"

"हां, सर. घोड्यावरून."

घोडा त्या पिक्चरमध्ये नव्हताच. माझ्या तोंडून कुठला तरी दुसराच घोडा निघाला होता. दाराशी पंचफुला उभी होती. ती म्हणाली, "सर, त्यानं पिच्चर पाह्यलाच न्हाई. आमी कोनीच न्हाई पाह्यला. आमी मागं खेळत व्हतो."

"काय खेळत होता?"

मालनबाई चुलीकडं पाहत होती. शेवटी पंचफुलाच पुटपुटली, "शाळा-शाळा."

खरं सांगतो, मला आधी बरंच वाटलं. सुट्टीच्या दिवशीही मुलं शाळा खेळतात, हे माझ्या अध्यापनाचं यशच नाही का? मी हसून विचारलं, "आणि सर कोण झालं होतं?"

"मी."

"म्हणजे मी?"

तिनं मान खाली घातली. तेव्हा मालनबाई म्हणाली, "दाव की सरला. सारी वस्ती तुला पाहून हसती. आता सर सोता आलेत, त्येंला बी दाव."

पंचफुला नको नको म्हणत होती. मीच आग्रह केला. नाटकाची मला आवड आहे, असंही बोललो. मग तिनं दांडीवरचा बापाचा टॉवेल खांद्यावर टाकला, चुलीपाशी पडलेली कापसाची पऱ्हाटी उचलली, ती काखेत धरली आणि दाराकडं पाठ फिरवली. ती वळली तेव्हा तिथं सातवीतली मुलगी नव्हती. डावा खांदा जरा खाली, मान ताठ, घसा दोनदा खाकरून साफ केलेला. पऱ्हाटी तिनं मांडीवर दोनदा आपटली. मी असं करतो हे मला ठाऊक नव्हतं, पण ते मीच होतो, याबद्दल शंका नव्हती.

"सरस्वतीच्या मंदिरात गोंगाट?" ती म्हणाली. शुद्ध पुस्तकी भाषा, शेवटचं अक्षर ओढलेलं. मी हसलो. मोठ्यानं हसलो. फार छान नक्कल होती.

"व्यंकटरावांचा नातू कोण? तू ना? पाठांतर केलं नाहीस?" पऱ्हाटी सपकन हवेत गेली, सुंईकन खाली आली आणि न दिसणाऱ्या तळहातापासून बोटभर अंतरावर थांबली. तिथून ती अलगद टेकली, जणू मोराचं पीस. "पुन्हा असं करू नकोस हं, बाळा. आजोबांना नमस्कार सांग."

मी हसत होतो, पण आता ते हसू माझ्या तोंडावर नुसतंच राहिलं होतं.

"पुढचा कोण? हात पुढे. अंहं. तळवा वर!"

या वेळी पऱ्हाटी हवेत थांबली नाही. बाजेच्या पायावर ती इतक्या जोरात बसली की तिचे दोन तुकडे झाले. आणि आतल्या बाजेवर शुद्धोधन भिंतीला चिकटला. प्लास्टरचा हात त्यानं फडक्यातून काढून डोक्यावर धरला होता. हे खोटं आहे हे त्याला माहीत होतं. काठी त्याच्या सख्ख्या बहिणीच्या हातात होती. तरीसुद्धा.

पंचफुलानं टॉवेल खाली टाकला. पुन्हा ती मुलगी झाली. "त्या दिशी बी असंच झालं, सर. आमी भिंतीवर बसलो व्हतो. मी म्हनले, शुद्धोधन, कविता चुकलास, हात पुढं. तर त्यो मागं मागं सरायला लागला. मी म्हनले आरं, खेळ हाय, मी हाय, ताई हाय. त्याला ऐकूच गेलं न्हाई." ती रडू लागली. "मीच पाडला त्याला."

"तू नाही पाडलंस," एवढं मी म्हणालो. पुढचं वाक्य मला म्हणता आलं नाही. मी मालनबाईला विचारलं, "मग तुम्ही हे आधी का नाही सांगितलं? एवढा मोर्चा निघाला, पेपरात आलं..."

"कोनाला सांगू? मोर्चाच्या म्होरं तर तुमीच व्हते." मग बसल्या जागेवरून, आवाज न चढवता म्हणाली, "सर, आठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या टायमाला आमची घरं पेटविली. ह्या दोन लेकरांला पोटाशी धरून मी दोन दिस हायब्रीड जवारीच्या रानात बसले. तव्हा ह्या गावातून मोर्चा निघाला न्हाई. आता येका हातासाठी सारा गाव आला, सरपंचाची जीप दारात आली. मला वाटलं, माह्या लेकरासाठी येयालेत लोकं. तर येऊ द्यावं."

मी उठलो. अठ्ठ्याहत्तरच्या त्या दिवशी मी शाळेच्या कार्यालयात होतो, आतून कडी लावून. सहामाहीचे पेपर तपासत होतो, असं मी नंतर लोकांना सांगत असे. ऑगस्टमध्ये सहामाही नसते. पण मला कुणी विचारलं नव्हतं.

घरी येऊन मी कमलला सगळं सांगितलं. तिनं चुलीवरचा तवा खाली उतरवला. मग म्हणाली, "उद्या खरं सांगा म्हंजे झालं." मी म्हणालो, सांगणारच. आणि आरशासमोर उभं राहून ते कसं सांगायचं याचा सरावही केला. त्यातही मी थोडासा भव्य दिसत होतो, असं मला वाटल्याचं आठवतं.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. नायब तहसीलदार साहेब टेबलामागं, शेजारी व्यंकटराव, एका बाजूला बन्सीधर कागद सरसावून, दुसऱ्या बाजूला चंद्रभान हात बांधून. मालनबाई आणि पंचफुला मुलाला घेऊन दारापाशी. साहेबांनी मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, समोर गर्दी पाहिली, आणि माझा हात आपोआप खिशात गेला. खिशात चार पानांचं भाषण होतं. आदल्या आठवड्यात लिहिलेलं. ते बाहेर आलं आणि मी ते वाचायला लागलो. का वाचलं, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. खिशात होतं म्हणून वाचलं. ठोशांची संख्या मी एकशे सव्वीस सांगितली. टाळ्या पडल्या.

मग साहेबांनी शुद्धोधनला पुढं बोलावलं. "घाबरू नकोस बाळ. कशानं पडलास?"

त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं. "पिच्चर पाहून."

"काय होतं पिक्चरमध्ये?"

"घोड्यावरून उडी मारतेत, ते."

"साहेब!" चंद्रभान ओरडलाच. "पिच्चरमधी घोडाच न्हाई! गाढव बी न्हाई! कॅसेट लावून दावतो!"

लोक हसले. साहेबांनी टेबलावर हात आपटला आणि मुलाकडं वळून जरा कडक आवाजात विचारलं, "काय रे, खोटं बोलतोस?"

शुद्धोधननं उजवा हात पुढं केला. सरळ, खांद्याच्या रेषेत. तळवा वर.

साहेबांना कळेना. ते त्या तळहाताकडं पाहत राहिले, मुलगा काही मागतोय की काय, अशा नजरेनं. खोलीत फक्त तीन माणसांना ते कळलं होतं. त्यातली दोघं दारापाशी होती.

"साहेब," मी म्हणालो, "घोडा माझा आहे."

पुन्हा हशा झाला. मी बोलत राहिलो. आरशासमोरचं एकही वाक्य आठवेना, म्हणून जसं सुचेल तसं बोललो. घोडा मी शिकवला. त्यानं पिक्चर पाहिलेला नाही. मुलं शाळा-शाळा खेळत होती आणि खेळात सर मारायला आले म्हणून तो पडला.

"कोण सर?" साहेबांनी विचारलं.

"मी."

"तुम्ही तिथं होता?"

"नाही. मी घरी दाढी करत होतो."

आता साहेबांनाही हसू आवरेना. मी घाम पुसत समजावू लागलो की मी नव्हतो, पण मीच होतो, माझी नक्कल होती, पण नक्कल हुबेहूब होती. जितकं समजावत गेलो तितका गोंधळ वाढत गेला. शेवटी मी म्हणालो, "साहेब, हा मुलगा मला भितो. मी मारतो. त्या भीतीनं तो पडला. एवढंच." आणि खाली बसलो.

आता लोक मला काय म्हणतील या विचारानं मी डोळे मिटले. व्यंकटराव उठले.

"पाह्यलं का, साहेब?" त्यांचा आवाज भरून आला होता. "असा मास्तर मिळायला नशीब लागतं. लेकराचं खोटं उघडं पडायलं म्हनून समदं सोतावर घेतलं!"

टाळ्यांनी खोली दणाणली. भाषणाला पडल्या नव्हत्या एवढ्या. मी उठून नाही नाही म्हणत होतो; त्याला लोक विनय समजत होते. मागून एक शेतकरी ओरडला, "सर, पन मारायचं सोडू नगा हां! न मारता लेकरं शिकतेत व्हय?" त्यालाही टाळ्या मिळाल्या. माझा गुन्हा मी कबूल केला आणि गावानं तो माझ्या गुणांमध्ये जमा करून टाकला.

साहेब घाईत होते. ते चंद्रभानला म्हणाले, "पिक्चरमध्ये काय आहे, घोडा आहे का नाही, याच्याशी मला काही करायचं नाही. परवाना दाखवा." परवाना नव्हता. वखारीला सील लागलं. महिनाभर पेटलेला वाद एका न काढलेल्या कागदावर मिटला. व्यंकटरावांनी तिथंच माझ्या अंगावर शाल घातली. मी ती खाली पडू नये म्हणून धरून ठेवली, हे मला कबूल केलं पाहिजे. गर्दी फुटली तेव्हा दाराकडं पाहिलं. मालनबाई दोन्ही लेकरांना घेऊन निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी चंद्रभानकडं गेलो. सील लागण्याआधी बाहेर काढलेला भाड्याचा टीव्ही तो पोत्यात गुंडाळत होता.

"खरं बोललात, सर," तो माझ्याकडं न पाहता म्हणाला. "बेमौके बोललात, पर बोललात. आता त्यानं माह्या कुलपाचं काय?"

मी परवान्याचा अर्ज लिहून द्यायला तयार आहे, असं म्हटलं. त्यानं पोतं खाली ठेवलं. असा अर्ज बालमन बचाव समितीच्या अध्यक्षाच्या हस्ताक्षरात गेला, तीन प्रतींत. अध्यक्षपदाचा राजीनामाही मी दिला. तो कुणी घेतला नाही, आणि पुढं समितीच विसरली गेल्यामुळं कागदोपत्री मी अजूनही अध्यक्ष असेन. पेपरला मी खुलासा पाठवला. तो सहाव्या पानावर, बैलबाजाराच्या बातमीखाली आला. मी मारतो हे ज्या परिच्छेदात होतं, तेवढाच जागेअभावी गाळला होता. परवाना मे महिन्यात मिळाला. लग्नसराईत चंद्रभानचा धंदा चांगला झाला, असं ऐकलं.

मालनबाईकडं मी पुन्हा एकदा गेलो. माफी मागायची होती. तिनं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाली, "मला नगा सांगू. ती दोघं शाळंत येतेत, त्येंला दावा."

छडी मी सोमवारपासून घरी ठेवली. यात थोरपणाचं काही नव्हतं, कारण त्यानंतरचे दोन महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात वाईट होते. छडीशिवाय कसं शिकवायचं हे मला येत नव्हतं. अकरा वर्षं मी शिकवत होतो असं मला वाटायचं. खरं म्हणजे मी त्यांना गप्प बसवत होतो आणि मग त्या शांततेत बोलत होतो. आता शांतता नव्हती. मुलांना आधी वाटलं मी आजारी आहे. मग वाटलं माझी बदली झाली आहे. मग त्यांनी जे सुरू केलं त्यानं शेजारच्या वर्गातले गुरुजी दोनदा डोकावून गेले. माझा आवाज बसला. व्यंकटरावांच्या नातवानं घरी तक्रार केली की सर आता काही करत नाहीत. जानेवारीत एकदा माझा हात सुटलाच. एका मुलाच्या पाठीत धपाटा बसला. मी तसाच बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिलो. परत आत आलो तेव्हा वर्ग पूर्वीसारखा चिडीचूप होता, आणि ती शांतता मला किती आवडली ते आठवून आजही लाज वाटते.

मार्चमध्ये गणिताचे गुरुजी रजेवर गेले आणि पाचवीचा तो तास माझ्याकडं आला. गणितात मी कच्चा. फळ्यावर एक लांबलचक भागाकार मांडला, घाम गाळत तळाशी नेला, उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि हात झटकले.

"सर, चुकलं."

आवाज शुद्धोधनचा होता. प्लास्टर निघून महिना झाला होता. तो उभा होता, पण असा की अर्धा बाकाच्या आत, अर्धा बाहेर. सगळा वर्ग माझ्या उजव्या हाताकडं पाहत होता. मीही पाहिलं. त्यात खडू होता.

मी फळ्याकडं वळलो आणि पहिल्या ओळीपासून पाहत आलो. तिसऱ्या ओळीत वजाबाकी चुकली होती. पुसून टाकली. मग खडू त्याच्यापुढं धरला आणि म्हणालो, "ये. तूच कर."

तो आला. लांब वळसा घालून, भिंतीच्या कडेनं आला. डावा हात पूर्ण सरळ होत नव्हता; तो त्यानं पोटाशी धरला आणि उजव्यानं लिहू लागला. सावकाश, एकेक आकडा तोंडानं पुटपुटत. उत्तर बरोबर आलं. त्यानं खाली दोन रेघा मारल्या.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "माझं चुकलं होतं. जा, बस."

तो लगेच गेला नाही. खडू हातात धरून तसाच उभा राहिला, अजून काही व्हायचं बाकी आहे का, हे बघत.